पोटखराबा

सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या नातीकडे लहानपणी एक ठरलेले काम असे. आजोबांची नजर मंदावलेली, म्हणून सातबाराचा उतारा तिने वाचून दाखवायचा. गट क्रमांक, क्षेत्र, आकारणी असे एकेक वाचत ती एका शब्दापाशी हमखास अडखळे: पोटखराबा. जमिनीचा जो तुकडा लागवडीस अयोग्य, त्याला महसुली दप्तराने दिलेले हे नाव. त्या तुकड्यावर कुसळी आणि पवन्या गवत माजे, हिवराच्या सावलीत धनगरांची मेंढरे विसावत, पावसाळा सरला की काळविटांचा कळप उतरे. ‘यात खराब काय आहे?’ असे तिने एकदा विचारले. आजोबा म्हणाले, ‘नांगर चालत नाही, म्हणून खराब.’

आज ती परिसंस्थाशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी आहे आणि तिच्या अभ्यासाचा विषय याच उत्तरातून निघालेला आहे. नांगर चालत नाही ती जमीन वाया गेलेली, हा हिशेब शेतसारा मोजणाऱ्या राज्यकर्त्यांचा होता. ज्या जमिनीतून सारा निघत नाही, ती ब्रिटिश महसूल व्यवस्थेने ‘पडीक’ या सदरात घातली. राज्यकर्ते गेले, सदर राहिले. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहाच्या २०१९ च्या आवृत्तीत देशातील ५,५७,६६५ चौरस किलोमीटर, म्हणजे १६.९६ टक्के भूभाग पडीक म्हणून नोंदलेला आहे. त्यात झुडपी माळ आहेत, वाळवंटी वाळू आहे, उघडे खडक आहेत आणि हिमाच्छादित प्रदेशही आहे. निसर्गाने हजारो वर्षे जसे राखले तसेच असणे, हाच यातील अनेक जमिनींचा दोष ठरला.

गवताळ प्रदेश म्हणजे जंगल तुटून उरलेली जमीन, असा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. पुरावा मात्र निराळे सांगतो. उष्ण व कोरड्या हवेत, कमी पाण्यात कार्यक्षमतेने प्रकाशसंश्लेषण करणारी ‘सी-फोर’ गटातील गवते भारतीय उपखंडात सुमारे ७० ते ८० लाख वर्षांपूर्वीपासून पसरू लागली, हे शिवालिक टेकड्यांतील प्राचीन मातीच्या कार्बन समस्थानिकांवरून कळते. शेती नव्हती, कुऱ्हाड नव्हती, तेव्हाही माळ होता. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक या संशोधकांनी २०२२ मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे देशातील निमशुष्क, खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यानुसार देशाच्या सुमारे १० टक्के भूमीवर अशा परिसंस्था आहेत आणि त्यांचा ५ टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रांत येतो.

महाराष्ट्राच्या पठाराविषयीचा एक पुरावा तर थेट मराठी भाषेतूनच मिळाला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या मराठी कथा, गीते व अन्य वाङ्मयातील झाडाझुडपांचे उल्लेख तपासले. त्यांत येणाऱ्या ४४ रानवनस्पतींपैकी बहुसंख्य दाट जंगलातल्या नव्हेत, तर खुल्या माळरानाशी नाते सांगणाऱ्या निघाल्या. म्हणजे येथील माळ निदान ७५० वर्षे तरी माळच आहे. दप्तराने ज्याला खराबा म्हटले, त्याची साक्ष लोकांनी गाण्यांत जपून ठेवली होती.

शब्दाची चूक कागदावरच राहिली असती तर तिची एवढी चिंता नव्हती. पण जमीन पडीक ठरली की ती ‘उपयोगात आणण्याची’ घाई सुरू होते. माळावर खड्डे घेऊन झाडे लावली जातात आणि त्याला हरितीकरण म्हणतात. गवताळ प्रदेशातील कार्बनचा मोठा साठा मुळांत आणि मातीत असतो. वणवा किंवा दुष्काळ आला तरी तो बऱ्याच अंशी टिकून राहतो. त्या मातीत खड्डे घेतल्याने तिची घडी मोडते आणि सावली वाढली की उन्हावर जगणारी गवते हटतात. गवत हटले की त्यावर पोसलेला काळवीट, धाविक, चंडोल आणि लांडगा यांचे घर जाते.

या घरातला सर्वांत मोठा पक्षी म्हणजे माळढोक. त्याच्या मराठी नावातच त्याचा पत्ता आहे. नराचे वजन सुमारे १५ किलोपर्यंत भरते. उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. २०११ पासून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. नैसर्गिक अधिवासात आता १५० हून कमी पक्षी उरले असून त्यांतले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या परिसरात आहेत.

ही विद्यार्थिनी क्षेत्रकामासाठी जैसलमेरला गेली, तेव्हा तेथील गुराख्यांकडून तिला त्याचे दुसरे नाव कळले: गोडावण. सेवण गवताच्या पट्ट्यात पहाटे तिला एक मादी दिसली. मान उंच करून सावकाश चालणारी. तिच्यामागे, क्षितिजावर विजेच्या तारा होत्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला समोरचे नीट दिसत नाही. तार दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो आणि एवढ्या जड पक्ष्याला वळण घेता येत नाही. थरच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात दरवर्षी सर्व जातींचे मिळून सुमारे ८४,००० पक्षी तारांमुळे मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांचा अंदाज आहे.

त्या तारांतून सूर्याची वीज वाहते, हा या कथेतील खरा पेच. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म वीजक्षमता गाठण्याचे देशाचे उद्दिष्ट आहे आणि हवामानबदलाची झळ माळालाही बसणारच आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोकाच्या सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर क्षेत्रातील तारांवर कडक निर्बंध घातले. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन न्यायालयाने तज्ज्ञ समिती नेमली आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्कही मान्य केला. पक्षी की वीज, अशी या प्रश्नाची मांडणी वारंवार होते. त्याआधीचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो: एवढे प्रकल्प नेमके माळावरच का येतात? ऊन भरपूर आहे, हे एक उत्तर. जमीन कागदोपत्री निरुपयोगी असल्याने ती सहज व स्वस्तात मिळते, हे दुसरे. त्यात सौर प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेखालील पर्यावरणीय पूर्वमंजुरीही लागत नाही. राजस्थानातील ओरण, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली चराऊ राने, यांतली अनेक महसुली नोंदीत पडीकच होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे सर्वेक्षण करून त्यांना वनाचा दर्जा देण्याचे निर्देश राज्याला दिले, तेव्हा कुठे त्या नोंदीकडे पुन्हा पाहण्याची वेळ आली.

त्या पहाटे तिने आजोबांना फोन केला आणि पक्षी दिसल्याचे उत्साहाने सांगितले. आजोबांनी शांतपणे विचारले, ‘तिथल्या लोकांचीही जमीन अडकली का?’

या प्रश्नामागे एक जुनी जखम होती. १९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्यात गावे होती, ओलिताची शेते होती. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. आत्याच्या लग्नासाठी दोन एकर विकायचे ठरले, ते या बंधनांमुळे राहून गेले. आजोबांनी सावकाराचे कर्ज काढले आणि पुढची कित्येक वर्षे फेडले. २०१२ मध्ये क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर गावोगाव पक्ष्याच्या नावाने बोटे मोडली जात होती आणि नान्नजच्या माळावरील माळढोकांची संख्या घटतच गेली होती. अलीकडच्या गणनांत तेथे एखाददुसरा पक्षी दिसला तरी बातमी होते.

माळाच्या वाट्याला अशा दोन चुका आल्या. एका धोरणाने तो कोणाच्याच कामाचा नाही असे मानले. दुसऱ्याने तो कोणाचाच नाही असे मानून त्यावर रेघ ओढली. दोन्ही वेळा त्या जमिनीवर मेंढरे चारणाऱ्याला कोणी काही विचारले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जैसलमेर जिल्ह्यातील प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनातून माळढोकाचे पहिले पिल्लू जन्मले. विज्ञानाचे हे यश मोठेच आहे. पण ती पिल्ले सोडायची कुठे, याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नाही. त्यासाठी माळ शिल्लक हवा आणि पक्षी परतल्याने आपले नुकसान होणार नाही, असा भरवसा माळाशेजारी राहणाऱ्यांना हवा. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ राने व पशुपालक यांना एकत्रच अर्पण केले आहे. त्या जोडीतले एक वगळून दुसरे वाचत नाही.

सुट्टीत ती गावी गेली. सातबारा आता मोबाइलवर मिळतो. आजोबांना तिने तो पुन्हा वाचून दाखवला. अक्षरे स्वच्छ आहेत, शब्द तोच आहे. तिच्या वहीत मात्र त्या तुकड्याची वेगळी नोंद आहे: गवताच्या ११ जाती, टिटवीची दोन घरटी, खोकडाचे एक बीळ आणि शेजारच्या वाड्यातील मेंढरे, वर्षातून चार महिने.