गोड्या पाण्याचा हट्ट

खरं सांगतो, रॉटरडॅमला सहा महिन्यांचं ऑनसाईट मिळालं तेव्हा माझ्या डोक्यात तीनच गोष्टी होत्या. चीज, ट्युलिप आणि एखादा वीकेंड पॅरिसला. नेदरलँड्सचा इतिहास वगैरे माझ्या यादीत कुठंच नव्हता. आणि तिथं जाऊन आपल्याला दर्यापूर तालुक्यातलं वावर आठवेल, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

आधी त्या वावराचं सांगतो.

तुम्ही अकोला-अमरावतीकडचे असाल, तर खारपाणपट्टा तुम्हाला माहीत असेलच. नसाल तर एवढं समजून घ्या, की पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत, काळ्याभोर जमिनीचा एक मोठा पट्टा आहे. जमीन बघाल तर लोण्यासारखी. पण विहीर खोदली की पाणी खारट. ना पिण्याचं, ना पिकाचं. म्हणून शेती सगळी पावसाच्या भरवशावर. खरिपात मूग, तूर, कापूस आणि रब्बीत जमिनीतल्या ओलीवर येणारा हरभरा. आमची आजी म्हणायची, इथं आधी समुद्र होता, जाताना मीठ घ्यायला विसरला.

पहिला घसघशीत बोनस मिळाला तेव्हा मी पुण्याहून फोन करून जाहीर केलं, ‘बाबा, आपण बोअर मारू.’

पलीकडे जरा वेळ शांतता. मग बाबा म्हणाले, ‘आपल्या इकडचं पानी खारं हाये बाप्पा. बोअर कायले मारतं?’

मी इंजिनीअर, ते सातवी पास. खोल गेलं की गोडं पाणी लागतं, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. बोअर झालं, पाणी लागलं, पेढे वाटले. चव घेतली तर मचूळ. आपल्याला पिववत नसलं तरी हरभऱ्याला चालेल, हाही निर्णय माझाच. दोन हिवाळे आम्ही तेच पाणी दिलं. पहिल्या वर्षी पीक बरं आलं, मी खूश. तिसऱ्या वर्षी जमीनच बदलली. पाऊस पडला की साबणासारखा चिखल, ऊन पडलं की सिमेंट. पाणी मुरेना, नांगर शिरेना.

बाबा मला एकदाही ‘म्हटलं होतं ना’ म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर भांडून मोकळा तरी झालो असतो.

तर असा हा मी, एका रविवारी ऑफिसमधल्या एका डच मित्राच्या गाडीत बसून झेलंड प्रांतात निघालो. त्याच्या आजोबांची तिथं शेती होती. वाटेत औवरकेर्क नावाचं खेडं लागतं. तिथं १९५३ च्या पुराचं म्युझियम आहे, तेही काँक्रीटच्या चार अवाढव्य पेट्यांच्या आत. दुसऱ्या महायुद्धातल्या तात्पुरत्या बंदरांसाठीच्या या पेट्या. नोव्हेंबर १९५३ मध्ये बांधाचं शेवटचं भगदाड बुजवायला त्याच तिथं नेऊन बुडवल्या.

३१ जानेवारी १९५३, शनिवारची रात्र. उत्तर समुद्रात वादळ आणि त्यात मोठी भरती. रेडिओ मध्यरात्री बंद व्हायचा, त्यामुळे बहुतेक लोक झोपेतच होते. पहाटेपर्यंत बांध ठिकठिकाणी फुटले आणि १,८३६ माणसं गेली. मित्राचे आजोबा दीड दिवस छपरावर होते.

पण मला खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच एका गोष्टीनं. हे बांध कमी उंचीचे आहेत, असं सांगणारा एक माणूस आधीपासून होता. योहान व्हान व्हेन, सरकारी जलखात्यातलाच इंजिनीअर. तो वर्षानुवर्षं इशारे देत राहिला, ‘डॉक्टर कॅसांड्रा’ या टोपणनावानंही लिहिलं. कॅसांड्रा ही ग्रीक पुराणातली बाई. तिचं भाकीत कायम खरं ठरायचं आणि कुणीच विश्वास ठेवायचं नाही. पूर आला आणि तीनच आठवड्यांत सरकारनं डेल्टा समिती नेमली. व्हान व्हेन तिचा सचिव झाला.

मला एकदम तो फोन आठवला. ‘बोअर कायले मारतं?’ आमच्या घरचा डॉक्टर कॅसांड्रा धोतर नेसतो, एवढाच काय तो फरक.

आणि मीठ? मी मित्राला विचारलंच. तो म्हणाला, पाणी काढणं त्यामानानं सोपं होतं, मिठानं जास्त पिडलं. समुद्राचं पाणी शेतात साचलं की त्यातलं सोडियम चिकणमातीला धरून बसतं. पावसानं वरचं मीठ धुतलं जातं, पण सोडियम राहतं आणि माती चिकट, घट्ट होते. म्हणजे माझंच वावर! १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांनी जर्मनांना हटवायला वाल्खरेन बेटाचे बांध बॉम्ब टाकून फोडले होते, तेव्हापासून डच या मिठाशी झुंजत होते. त्यांनी शेतांवर जिप्सम टाकलं. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, मग सुटं झालेलं सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर चरांतून वाहून जातं. काम हळूहळू होतं, घाई केली की बिघडतं.

खाऱ्याचं गोडं करायची या लोकांना खोड जुनीच. २८ मे १९३२ ला त्यांनी ३२ किलोमीटरचा बांध घालून समुद्राचा अख्खा तुकडा तोडला आणि त्याचं गोड्या पाण्याचं तळं केलं. १९५३ नंतर ओस्टरस्केल्ड खाडीही तशीच बंद करायची होती. काम सुरूही झालं होतं. पण कोळी आणि पर्यावरणवाले उठले. ते म्हणाले, आम्हाला इथं खारं पाणीच पाहिजे, आमचे शिंपले त्यावर जगतात. आणि सरकारनं ऐकलं! अर्धवट झालेला आराखडा बदलून ६२ पोलादी दरवाजे बसवले. ते एरवी उघडे असतात, फक्त वादळात बंद होतात. ४ ऑक्टोबर १९८६ ला राणी बेआट्रिक्सनं त्याचं उद्घाटन केलं.

त्या धरणावर उभं राहून मी बाबांना फोन लावला. म्हटलं, ‘बाबा, बोअर बंद करू. तुमचं बरोबर होतं.’

‘हॉलंडले जाऊन समजलं काय तुले?’ पलीकडून हसण्याचा आवाज. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही त्या बोअरवर हसलो.

परत आल्यावर मातीचा नमुना घेऊन बाबांबरोबर अकोल्याच्या कृषी विद्यापीठात गेलो. डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव असलेलं हे विद्यापीठ. योगायोग बघा, तो पूर आला तेव्हा भारताचे कृषिमंत्री होते आपले पंजाबरावच. तिथंही तेच ऐकलं. जिप्सम, हिरवळीचं खत, पाण्याचा निचरा होईल असे चर आणि पावसाचं पाणी साठवायला शेततळं. कागदावर सगळं लिहून देणाऱ्या साहेबांना बाबा मध्येच म्हणाले, ‘तळं उताराच्या त्या कोपऱ्यात पायजे, पानी तिकडंच जाते.’ मी बॅगेतून लॅपटॉप काढणार होतो, काढला नाही.

तळं बाबांनी दाखवलेल्या कोपऱ्यात झालं आणि मागच्या पावसाळ्यात भरलं. अर्ध्या वावरात या वर्षी हरभरा आहे, अर्ध्यात अजून साधं गवतही नीट उगवत नाही. बोअरचा पंप काढून विकला. त्या पैशातून जिप्समची पहिली खेप आली.