सातमाळ्याच्या कड्यापर्यंत

छत्रपती संभाजीनगर ते कन्नड हे अंतर साठेक किलोमीटरांचे आहे, आणि तेवढ्या अंतरात मराठवाड्याचे पठार संपत येते. कन्नडच्या उत्तरेला सातमाळ्याची रांग आडवी पसरली आहे. दक्षिणेकडून पाहिले तर ती साध्या टेकड्यांसारखी दिसते. उत्तरेला मात्र ती एकदम तुटते आणि खाली खानदेश लागतो. या रांगेवर पडलेल्या पावसाला दोन वाटा आहेत. दक्षिण उतारावरचे पाणी शिवना नदीतून गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागराकडे जाते. उत्तरेचे पाणी डोंगरी, तितूर, गिरणा असे करत तापीला मिळते व अरबी समुद्राला पोचते. याच जलविभाजकाच्या अंगाखांद्यावर गौताळा औट्रामघाट अभयारण्य आहे. ते 1986 मध्ये घोषित झाले. क्षेत्र सुमारे 260 चौरस किलोमीटर, काही संभाजीनगर जिल्ह्यात, काही जळगावात.

या रानाची ओळख करून घ्यायला मोटारसायकल आणि दोन माणसे पुरेशी आहेत. मोटारसायकल हे संभाजीनगरचे घरचेच वाहन. बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला, आणि आजूबाजूच्या खेड्यांत नवरा-बायको शेताला, बाजाराला, लग्नाला दुचाकीवरच जातात. जंगलाच्या रस्त्यावर या वाहनाचा वेगळा फायदा कळतो. चालवणाऱ्याला रस्त्यावरचा खड्डा पाहावा लागतो. मागे बसणाऱ्याचे डोळे मोकळे असतात. पुढच्याला न दिसलेली मोरांची जोडी मागच्याला दिसते आणि खांद्यावर हात पडला की गाडी थांबते. आम्ही दोघांनी म्हणूनच कन्नडला जागा बदलल्या. ऑक्टोबरातला दिवस होता, पाऊस नुकताच सरला होता आणि ओढे अजून वाहत होते. हाच काळ या वाटेसाठी सर्वात चांगला. उन्हाळ्यात येथे पानगळीमुळे डोंगर उघडे पडतात आणि पाण्याचे हाल होतात.

तयारी थोडीच लागते. टायरमधली हवा पहाटेच बघून घ्यावी, टाकी कन्नडला भरून घ्यावी, पिण्याचे पाणी आणि भाकरीचा डबा सोबत असावा, कारण रानात हॉटेल नाही.

शहर सोडल्यावर जुना रस्ता देवगिरी किल्ल्याच्या बाहेरच्या तटातल्या दरवाजातून जातो. दौलताबादच्या सीताफळांच्या टोपल्या याच दिवसांत रस्त्याकडेला मांडलेल्या असतात. पुढे खुलताबादची चढण, मग वेरूळ. वेरूळला एक दिवस वेगळा द्यावा. रानाला निघालेल्यांनी तेथे चहा घेऊन पुढे व्हावे. कन्नड शिवनेच्या काठी आहे. तेथून हमरस्ता सोडून आत वळले की शेते विरळ होत जातात, कपाशी आणि मका मागे पडतो आणि रस्ता दरीच्या काठावर येऊन संपतो. तेथे पितळखोरे आहे.

पितळखोऱ्याला वरून खाली उतरावे लागते, आणि बहुतेकांना पहिला धक्का इथेच बसतो. वर सपाट माळ, आणि पायाखाली अचानक घळ. पायऱ्या उतरून गेल्यावर ओढ्याच्या कडेला बेसॉल्टच्या भिंतीत कोरलेली बौद्ध लेणी लागतात. सर्वात जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास खोदलेली, म्हणजे वेरूळच्या कैलासाहून हजारएक वर्षांनी जुनी. खडक ठिसूळ आहे आणि वरून पाणी झिरपते, त्यामुळे बरेच दर्शनी भाग कोसळले आहेत. चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे. दाराशी द्वारपाल उभे आहेत. जवळच पाच फण्यांचा नाग आहे आणि डोंगरातून पाझरणारे पाणी त्याच्या फण्यांतून बाहेर पडावे अशी योजना कारागिरांनी केली होती. ज्या पाण्याने लेणी ढासळवली, त्याच पाण्याला इथे शिल्पात जागा दिली आहे. या लेण्यांचा सविस्तर अभ्यास म. न. देशपांडे या पुरातत्त्वज्ञांनी 1950च्या दशकात केला. येथे सापडलेली यक्षाची एक हसरी मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर कान्हदास या सोनाराने ती घडवल्याचे कोरले आहे.

तिसऱ्या लेण्यातल्या एका खांबावरचा लेख सांगतो की तो खांब पैठणच्या मितदेव नावाच्या गंधविक्याच्या कुळाने दान दिला. पैठण गोदावरीच्या काठी आहे. पितळखोऱ्याचा ओढा मात्र खानदेशाकडे उतरतो. म्हणजे गोदावरीकाठच्या व्यापाऱ्याने जलविभाजकापलीकडच्या घळीत खांब उभारला. याचे कारण सरळ आहे: पैठणहून (तेव्हाच्या प्रतिष्ठानहून) उत्तरेला जाणारा माल या डोंगरातल्या खिंडींतूनच खाली उतरत असे आणि भिक्षू, व्यापारी, बैलांचे तांडे यांना मुक्कामाला जागा हवी होती. आज निर्जन वाटणारी ही घळ दोन हजार वर्षांपूर्वी रहदारीच्या वाटेवर होती. मोटारसायकलवरून तासा-दोन तासांत आलेल्या दोघांना ही गोष्ट अंगावर आल्यासारखी जाणवते. आम्ही खांबासमोर बराच वेळ बसलो. दगडाला हात लावू नये म्हणून हात गुडघ्यांभोवती बांधून.

याच डोंगरांच्या पायथ्याशी, खानदेशाच्या बाजूला, पाटण गाव आणि पाटणादेवीचे मंदिर आहे. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापला. मठाला मिळालेल्या दानाचा शके 1128चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. गणिताच्या इतिहासात या आडगावाचे नाव त्यामुळे आहे. एका दिवसात वरचे आणि खालचे दोन्ही होत नाही, म्हणून पाटण वेगळ्या फेरीसाठी ठेवावे.

दुपारनंतर गौताळ्याकडे वळावे. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून आत शिरले की रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंनी साग, अंजन, सालई, धावडा, पळस यांचे रान लागते. अंजनाची झाडे खडकाच्या फटीतही तग धरतात, आणि या रानात ती जागोजाग दिसतात. गौतम ऋषींच्या नावाशी जोडलेला गौताळा तलाव, सीतान्हाणी, पावसाळ्यात वाहणारे धबधबे ही नेहमीची ठिकाणे. प्राणी मात्र सहज दिसत नाहीत. येथे बिबट्या आहे, अस्वल आहे, नीलगाय, चिंकारा, रानडुक्कर, वानर आहेत. मार्च 2021 मध्ये एक वाघ येथे आला. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचा. शेते, रस्ते, गावे ओलांडत इतक्या लांब पोचला होता. गौताळ्यात सुमारे 80 वर्षांनी वाघाचे अस्तित्व नोंदले गेले. रानांना जोडणाऱ्या वाटा शिल्लक असतील तर रिकामे वाटणारे जंगलही वाघाला ओळखीचे असते, हे त्याने दाखवून दिले. या रानात इंजिन शक्य तेवढे बंद ठेवावे. आम्ही तलावाच्या काठी ते बंद केले तेव्हा प्रथम फक्त तापलेल्या सायलेन्सरचा टिकटिक आवाज आला, आणि तो थांबल्यावर पाण्यावरून टिटवी ओरडली.

शेवटचा टप्पा औट्राम घाटाचा. लोक त्याला कन्नड घाटच म्हणतात. नाव 1825 मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रामवरून पडले आहे. हा सोलापूर-धुळे महामार्गाचा भाग. 31 ऑगस्ट 2021 रोजी अतिवृष्टीने येथे दरडी कोसळल्या आणि घाट दीर्घकाळ बंद राहिला. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जड वाहनांना येथे मनाई केली. दुचाकीने उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवावी, ब्रेक सारखे दाबू नयेत, ते तापून सैल होतात. वळणावर मागे बसलेल्याने चालवणाऱ्याच्याच बाजूला झुकावे. खाली पोचायचीही गरज नाही. अर्ध्या वाटेवरूनच चाळीसगावचा सपाट मुलूख दिसतो, सूर्य कलायला लागला की धुक्यासारखा निळा.

अंधार पडण्याआधी घाटाच्या वर परतावे, कारण जनावरे रस्ता ओलांडतात ती संध्याकाळी. दिवसाची सारी फेरी दोनशे किलोमीटरांच्या आसपास होते. कन्नडच्या पुढे कुठेही हॉर्न वाजवू नये, आणि डब्यातला कागद, बाटली, पिशवी जे काही नेले असेल ते सगळे घरी परत आणावे.