व्यत्यय आणि वाफसा

'व्यत्यय' हा शब्द माझ्या पिढीला शब्दकोशाने शिकवला नाही, दूरदर्शनच्या पडद्यावरील पाटीने शिकवला. संस्कृतात त्याचा अर्थ उलटापालट, क्रमभंग. मराठीत तो अडथळा होऊन बसला. बिनतारी यंत्रांच्या संदर्भात मात्र मला मूळ अर्थच अधिक नेमका वाटतो. तिथे संदेश अडत नाही. तो दुसऱ्या कशात तरी मिसळून, विस्कटून येतो. ग्रहण करणाऱ्याने त्याला निवडून वेगळे करावे लागते.

टेंभुर्णीत आमच्या घरी ट्रान्झिस्टर होता तेव्हा अंधार पडला की पुणे केंद्रावर कुठले तरी परक्या भाषेतले गाणे तरंगू लागे. दिवसा वातावरणाचा एक वरचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो आणि शेकडो किलोमीटरवरच्या लहरी त्याहून वरच्या थरांवरून परतून आपल्या अंगणात उतरतात, हे कारण मला फार पुढे कळले. वडील अशा वेळी आवाज वाढवत नसत. ते रेडिओच हळूहळू फिरवत, आणि एका विशिष्ट कोनात ते परके गाणे जवळजवळ नाहीसे होई. आतली फेराइटची कांडी आपल्या टोकाच्या दिशेने येणारी लहर फारशी घेतच नाही. तेव्हा नको असलेल्या केंद्राकडे कांडीचे टोक करायचे, एवढेच ते कौशल्य. आवाज वाढवला तर दोघांचाही वाढतो, हे आमच्याकडच्या अनेक सभासंमेलनांना अजून उमगलेले नाही, ते असो.

आज खिडकीत ठेवलेला बिनतारी मोडेम हेच काम जागचे न हलता करतो. त्याला दोन किंवा अधिक अँटेना असतात. एकच लहर त्या प्रत्येकीपर्यंत किंचित वेगळ्या क्षणी, वेगळ्या जोराने पोहोचते. मोडेम दोघींचे म्हणणे असे तोलून एकत्र करतो की हव्या लहरीची बेरीज व्हावी आणि नकोशी परस्परांत विरून जावी. पण हवी कोणती, हे यंत्राला कसे कळावे? यासाठी प्रक्षेपक मूळ मजकुरात मधूनमधून काही ठरलेली चिन्हे पेरतो. ती मुळात कशी होती हे ग्राहकयंत्राला आधीच ठाऊक असते. ती कशी बिघडून आली यावरून वाटेत काय घडले ते ताडता येते. साहित्याच्या माणसाला इथे छंद आठवल्यावाचून राहत नाही. ओवीच्या पहिल्या तीन चरणांच्या अंती यमक यायचे हे आपल्याला माहीत असते, म्हणूनच ते मोडलेले दिसले की लेखकूचा हात चुकल्याची शंका येते.

या विद्येचे महाराष्ट्रातले थोर उदाहरण नारायणगावजवळच्या खोडदला आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. आकाशातून येणारी लहर इतकी क्षीण असते की जवळचा एक मोबाइल किंवा विजेच्या तारेवरची ठिणगी तिला सहज बुडवते. मात्र दूरच्या दोन तबकड्यांना ऐकू येणारे स्थानिक गोंगाट सहसा वेगवेगळे असतात. आकाश तेवढे दोघींना समान. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. त्या जोडीजोडीने ताडून पाहिल्या की समान ते उरते आणि बाकीचे बरेचसे गळते.

ही पाठचिकित्साच नव्हे काय? भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ पर्यंत सिद्ध होत होती, ती अशाच साक्षींच्या तुलनेवर. परंतु तिथले एक पथ्य विसरू नये. एकाच प्रतीवरून उतरवलेल्या दहा पोथ्या म्हणजे दहा साक्षी नव्हेत; त्यांचा दोषही एकच असतो. जवळजवळच्या तबकड्यांना एकच ठिणगी ऐकू येते, तसे.

शिवाय शुद्ध करण्याच्या भरात काय वगळले जाते, हा प्रश्न राहतोच. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली म्हणून ती आपल्या हाती नीट आली. तरीही राजवाड्यांना १९०९ साली एकनाथपूर्व मानलेली प्रत छापावीशी वाटलीच. कार्ल यान्स्की १९३० च्या सुमारास अमेरिकेत रेडिओ-दूरध्वनीतील खरखरीचा उगम शोधत होता. विजांचा कडकडाट वेगळा काढल्यावर एक मंद सुसकारा उरला. तो आकाशगंगेच्या मध्यातून येत होता. हाच रेडिओ खगोलशास्त्राचा आरंभ.

२०२१ साली आम्ही तोंडी परीक्षा फोनवरून घेत होतो. विद्यार्थिनी उजनीच्या फुगवट्याकाठच्या गावातली, रेंजसाठी घराच्या माळवदावर चढलेली. अभिनवगुप्ताचे रसविघ्न झाले, त्यातले निजसुखादिविवशीभाव तिने बरे सांगितले. मग सहपरीक्षकांनी सहृदय कोणाला म्हणावे ते विचारले. उत्तराचे तुकडे आले: '... वापस ... आल्याशिवाय ... नाही.' सहपरीक्षक शहरातले. 'रेंज वापस आल्याशिवाय बोलता येत नाही म्हणतेय,' असे म्हणून ते रकान्यात शून्य लिहू लागले. एका शून्याने तिची श्रेणी आणि पुढचा प्रवेश दोन्ही अडले असते.

आम्ही तिला पुन्हा सांगायला लावले, आणि पुन्हा एकदा. मोबाइलचे ग्राहकयंत्रही असेच करते: बिघडलेला तुकडा ते टाकून देत नाही, जपून ठेवते, तोच पुन्हा मागवते आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून वाचते. तिन्ही वेळा तुटण्याच्या जागा निराळ्या होत्या. पण 'वापस'सारखा तो ध्वनी त्याच जागी तसाच येत होता, आणि तिसऱ्या खेपेला त्याला शेवटचा आकारही आला. वाफसा. पावसानंतर जमीन चिखलही नसते आणि कोरडीही नसते, पेरणीला योग्य होते, ती अवस्था. जमिनीला वाफसा आल्याशिवाय पेरत नाहीत सर, तसं वाचणाऱ्याचं, असे ती माळवदावरून सांगत होती.

सहपरीक्षकांनी मला त्या शब्दाचे शुद्धलेखन विचारले. मग शून्य खोडून पाचपैकी पाच लिहिले आणि समोर तो शब्द कंसात नोंदवला.