वाफ, वाळा आणि व्हॅलोरंट

मे महिन्यात अकोल्यात दुपारी भिंतीसुद्धा हाताला पोळतात. छताचा पंखा गरम हवाच या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ढकलत असतो. सुट्टी लागलेली पोरं मात्र गादीवर पालथी पडून लॅपटॉपवर व्हॅलोरंट खेळत असतात. पंधरा-वीस मिनिटं सगळं सुरळीत चालतं आणि नेमक्या चकमकीच्या वेळी आरोळी उठते, “लॅग झाला रे!”

पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दिसायची, तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात प्रोसेसरनं आणि ग्राफिक्स चिपनं मिळून अख्खं दृश्य रंगवून द्यायचं. ते हुकलं की पडद्यावरचं जग ठेचकाळतं.

आजार कोणता, हे तो कधी उमटतो त्यावरून कळतं. पहिल्या मिनिटापासून खेळ रडतखडत असेल, तर चार्जर लावलाय का आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असताना खेळ प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर तर चालत नाही ना, हे बघावं. मधूनच एखादा आचका बसत असेल, तर रॅम भरलेली असते किंवा मागे गुपचूप अपडेट उतरत असतं. पण आधी छान, मग एकाएकी मंद, जरा विसावा दिला की पुन्हा छान, असं चाललं असेल तर तो ताप आहे.

चिपला उष्णता सोसण्याची हद्द असते. इंटेलच्या कितीतरी लॅपटॉप प्रोसेसरांत ती १०० अंश सेल्सिअस आहे. ती जवळ आली की चिप आपणहून वेग उतरवते आणि जळण्यापासून वाचते. डिसेंबरात खोली २० अंशांवर असते, तेव्हा हद्दीपर्यंत ८० अंशांची मोकळीक असते. मेमध्ये खोली ४५ वर गेली की उरतात ५५. लॅपटॉप तोच, खेळ तोच. म्हणून “जुना झाला, नवा घ्या” हा सल्ला ऐकला की मला राग येतो. त्या सल्ल्यापायी एखाद्या घराचे कित्येक महिन्यांचे पैसे उगाच जातात.

उष्णता बाहेर नेणारी व्यवस्था मला फार देखणी वाटते. चिपवरून चपट्या तांब्याच्या नळ्या जातात. त्यांच्या पोटात कमी दाबाखाली थोडंसं पाणी कोंडलेलं असतं. चिपच्या टोकाला त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाच्या पातळ पत्र्यांपर्यंत धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत परत येते. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस इथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी घडवली, तेव्हा अंतराळातली यंत्रं डोळ्यांसमोर होती. पण वाफ होताना पाणी उष्णता घेऊन जातं, ही खूण आमच्या माठाला आणि कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांना केव्हाची ठाऊक आहे.

नळीनं आणलेली उष्णता पत्र्यांवरून उडवायची ती छोट्या पंख्यानं. त्याचा श्वास बहुतेक लॅपटॉपांत खालून असतो आणि गादी नेमका तोच बंद करते. शिवाय पंखा आणि पत्रे यांच्या मधोमध धूळ आणि कापसाचे तंतू साचून नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून तो दिसतही नाही. वॉरंटी संपली असेल तर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून खालचं झाकण उघडावं, बॅटरीची जोडणी सोडवावी आणि मऊ ब्रशनं तो थर काढावा. हवा मारायची तर पंखा काडीनं अडवून धरावा, भलत्या वेगानं फिरू देऊ नये. चिपवरची थर्मल पेस्ट वाळली असेल तर ती बदलण्याचं काम हात बसलेल्या माणसाकडे द्यावं. मग लॅपटॉप लाकडी पाटावर ठेवावा, मागची कड जरा उचलून.

एवढं करूनही भर दुपारी खेळ अडखळलाच, तर फ्रेमची मर्यादा ६० वर बांधावी. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली, तर बऱ्याच लॅपटॉपांत टर्बो, म्हणजे प्रोसेसरनं नेहमीपेक्षा वाढवलेला वेग, बंद होतो. टर्बोच्या वेगासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढते. म्हणून थोडा वेग सोडला की ताप बराच उतरतो. पावसाळा येईपर्यंत हे असंच राहू द्यावं, मग हवा थंडावली की काढून बघावं.