पोटात ढवळतंय

सोमवार, रात्र

विल्सन कॉलेजात कला आणि विज्ञान एकाच दगडी इमारतीत. आज शेजारच्या वर्गात मराठीच्या बाई कविता शिकवत होत्या, मी नेफ्रॉन घोकत होते. नीटमध्ये ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, चुकलं की एक वजा. कवितेला शून्य, कान मात्र तिकडेच! खिडकीबाहेर चौपाटीचं ऊन.

जायचंय परळच्या सेठ जीएसमध्ये, केईएम हॉस्पिटलच्या आवारातल्या १९२६ सालच्या मेडिकल कॉलेजात. गुण पुरतील?

संध्याकाळी आजीला तपासायला नेलं. "पोटात ढवळतंय हो," ती म्हणाली. परराज्यातला तरुण डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मी अर्थ सांगितला, त्याने 'ढवळतंय' कागदाच्या कोपऱ्यात देवनागरीत लिहून घेतलं. 'ढ'ची शेपटी चुकली होती. परत येताना आजीने लालबागला चिवडा घ्यायला लावला, तोही तिखट.