पेढीवरचे नाव

व्यापारी घरातील मुलाने सरकारी नोकरी स्वीकारली, की पहिली परीक्षा होते ती त्याच्या ज्ञानाची नव्हे, घरच्या भागीदारीपत्राची. महाडच्या बाजारपेठेतील एका किराणा पेढीवर हा प्रसंग नुकताच येऊन गेला. घरातील चोवीस वर्षांचा मुलगा स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधर परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी म्हणून निवडला गेला. निकालाच्या दिवशी पेढे वाटले, नातेवाईकांचे फोन आले, आणि आठवडाभर दुकानात येणारा प्रत्येक गिऱ्हाईक ‘आता राजदूत होणार म्हणे’ असे म्हणत आनंद व्यक्त करीत राहिला. मुलगा दर वेळी समजावून सांगे, की राजदूत वेगळे. आपण फायली तयार करणारे, टिपणे लिहिणारे, पुढे कधी दूतावासात पासपोर्ट-व्हिसाच्या किंवा प्रशासनाच्या टेबलावर बसणारे. त्याचे हे म्हणणे कोणी मनावर घेत नसे. खरे पाहता परदेशात अडकलेल्या माणसाला राजदूत क्वचितच भेटतो. त्याला भेटतो तो खिडकीमागचा हाच कर्मचारी.

प्रशिक्षण दिल्लीतील सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत व्हायचे होते. १९८६ साली स्थापन झालेल्या या संस्थेला २०२० मध्ये सुषमाजींचे नाव देण्यात आले. तेथे जाण्यापूर्वी कागदपत्रांची जुळवाजुळव करायची, एवढेच काम घरच्यांना दिसत होते. पण महाडात कागद हा विषय साधा नाही. जुलै २०२१ च्या महापुरात सावित्रीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा माळ्यावरच्या पोत्यांबरोबर कपाटातील फायलींचाही लगदा झाला. दहावीचे प्रमाणपत्र, जुना जन्मदाखला, भागीदारीपत्राची मूळ प्रत, सगळे त्या चिखलात गेले. त्यामुळे परीक्षेची तयारी चालू असतानाच मुलाने वाशीच्या विभागीय मंडळातून दुय्यम गुणपत्रक काढून आणले होते. ज्यांच्या घरातून माणसेच गेली अशी तळियेसारखी गावे याच तालुक्यात असल्याने कागद गेल्याचे दुःख या घरात कोणी मोठ्याने बोलून दाखवले नाही.

खरी अडचण निराळीच होती. मुलाचे नाव पेढीत भागीदार म्हणून लागलेले होते. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील पंधरावा नियम सांगतो, की शासकीय कर्मचाऱ्याने पूर्वपरवानगीशिवाय प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कोणताही व्यापार करू नये. काकांनी व्यापाऱ्याच्या चतुराईने मार्ग काढला : नाव राहू दे, फक्त गल्ल्यावर बसू नकोस. मुलाने ‘अप्रत्यक्ष’ या शब्दावर बोट ठेवले. मग काका म्हणाले, बरे, नाव काढू. भांडवल मात्र पेढीतच राहू दे, त्यावर व्याज लावू. त्यावर सोळावा नियम निघाला. कोणालाही व्याजाने पैसे द्यायचे नाहीत, असे तो बजावतो. शेअरबाजारातील सट्टाही त्याच नियमाने वर्ज्य ठरवला आहे, आणि वारंवार केलेली खरेदी-विक्री ही सट्टाच मानली जाते. मोबाइलवर रोज ‘ट्रेडिंग’ करणाऱ्या चुलत भावाला हे ऐकून नोकरीविषयीचा सारा आदरच वाटेनासा झाला!

सरकारला व्यापाराचा एवढा विटाळ का, असा प्रश्न घरात विचारला गेला. तो स्वाभाविक होता. पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने धंदा करणाऱ्यांना हा नियम थोडासा अपमानासारखा वाटतो. परंतु याचे उत्तर व्यापाऱ्यालाच सर्वांत लवकर कळावे. ज्याच्या हाती तराजू, त्याचा माल त्याच तराजूत असू नये. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने तर हे साऱ्या जगाला लागू केले आहे. ज्या देशात राजनैतिक अधिकारी नेमला असेल, तेथे त्याने स्वतःच्या फायद्यासाठी व्यवसाय वा व्यापार करायचा नाही, असे त्याचे बेचाळिसावे कलम म्हणते.

आजोबांना कलमे पटली, तरी मन मानत नव्हते. त्यांच्या आयुष्यात पेढीवरचे नाव दोनच कारणांनी कमी झालेले त्यांनी पाहिले होते : माणूस गेला म्हणून, किंवा भाऊ भांडले म्हणून. त्यात सीएंनी सांगितले, की नुसते निवृत्तीपत्र करून भागणार नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे जाहीर सूचना दिल्याखेरीज निवृत्त भागीदाराची बाहेरच्या लोकांबाबतची जबाबदारी सुटत नाही. म्हणजे भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे कळवणे, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या मराठी वर्तमानपत्रात सूचना छापणे आले. जीएसटी नोंदणीतील बदल तर पंधरा दिवसांत कळवायचा. वर्तमानपत्रातील सूचना म्हटल्यावर आजोबा गप्प झाले. बाजारात अशी चौकट छापून आली, की संध्याकाळपर्यंत ‘घरात फाटले’ ही बातमी पोलादपूरच्या नाक्यापर्यंत पोहोचते, आणि उधारीवर माल देणारा घाऊक व्यापारी हात आखडता घेतो. पुरानंतर पेढी उभी राहिली होती ती याच उधारीवर.

वडिलांनी त्यावर जे केले, ते कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. सूचना छापण्याच्या आधी ते स्वतः वाशीच्या बाजार समितीत गेले, प्रत्येक देणेकऱ्याच्या गाळ्यावर बसून चहा घेतला, मुलाच्या नियुक्तिपत्राची प्रत दाखवली आणि सूचनेचा मसुदा वाचायला दिला. दोन ठिकाणी अभिनंदन झाले. एके ठिकाणी जुनी बाकी आधी चुकती करण्याची विनंती झाली, ती त्यांनी तेथेच पुरी केली. बातमी आधी आपल्या तोंडून गेली, म्हणजे तिला पाय फुटत नाहीत. दूतावासातील मंडळी आणखी काय निराळे करीत असतील?

निरोप घ्यायला मुलगा पोलादपूरला आत्याकडे गेला. आत्याला चिंता जेवणाची. परक्या देशात, मेजवान्यांत, सूर्यास्तानंतर वाढल्या जाणाऱ्या ताटांसमोर हा काय करील? तिचे समाधान करण्यासाठी त्याने रायगडचा दाखला दिला. मे १६७४ मध्ये हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील तहासाठी पाचाडला आला, तेव्हा महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेले होते. वकिलाला गडाखाली थांबावे लागले. या मुलखातील लोकांचा मुख्य आहार धान्य आणि तूप, डाळ-तांदळाची खिचडी, याचे इंग्रजांना नवल वाटले, आणि त्यांनी ते लिहून ठेवले. म्हणजे ताटाची अडचण त्या वेळी पाहुण्याला होती, आता आपल्याला असेल. ६ जूनला राज्याभिषेक झाला आणि १२ जूनला तह. इंग्रजांना हवे होते ते सारेच काही मिळाले नाही. त्यांचे नाणे येथे चालू द्यायला महाराजांची ना नव्हती. मात्र त्यातील धातूच्या मोलापेक्षा अधिक किंमत रयतेवर लादायला ते तयार झाले नाहीत. आत्याचे यजमान सराफ. त्यांना जेवणापेक्षा हा मुद्दा फार आवडला. आत्याने मात्र मेथीचे खाकरे आणि कोरड्या चटण्यांची यादी करायला घेतली.

पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे; तेथून आंबेनळी घाट चढला की प्रतापगड. १६५९ मध्ये अफजलखानाच्या छावणीत जाऊन बोलणी करणारे पंताजी गोपीनाथ याच डोंगरांतून ये-जा करीत होते. वकिलीची विद्या या भागाला नवी नाही. अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर रायगडाच्या पायथ्याशी नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात होते. नात्याहून महाडला येणारी एसटी आजही त्यांच्याविषयी काही सांगत नाही, हे खरे.

शेवटच्या आठवड्यात मुलगा टिपण-लेखनाचा सराव करीत होता. १९२३ चा गोपनीयता कायदा वाचताना त्याने वडिलांना विचारले, “पप्पा, एका गिऱ्हाइकाचा भाव दुसऱ्याला तुम्ही कधी सांगितलात?” वडील म्हणाले, “दुकान चालवायचे होते ना!”

निवृत्तीपत्रावर सह्या झाल्या. आजोबांनी भांडवल खात्याचा हिशेब संगणकावर असतानाही लाल चोपडीत स्वतःच्या हाताने उतरवला, पैपर्यंत जुळवला आणि खाली रेघ मारली. रक्कम मुलाच्या बँकेत जमा झाली. मालमत्तेच्या विवरणात ती कशी दाखवायची, हे सीएंनी लिहून दिले. दिल्लीची गाडी पनवेलहून आहे. काका टेम्पोने सोडणार आहेत. त्याच दिवशी वाशीहून साखर आणायची आहे.