ड्रेस भाड्याने नको, घरातलाच आणा



पंधरा ऑगस्ट जवळ आला की आमच्या पिंपळगाव रेणुकाईत पालक विचारतात, "सर, वेशभूषेचा ड्रेस भाड्याने कुठं मिळंल?" कापूस वेचून घर चालवणाऱ्या आईला हा खर्च जड जातो. मग तिचं लेकरू त्या दिवशी शाळेतच येत नाही. देशाच्या सणाला लेकरू घरी बसावं, हे मला पटत नाही.

म्हणून तिरंग्याचा पाठ मी कापसापासून सुरू करतो. आधी बोंड, मग पेळू, सूत, माग आणि शेवटी झेंडा. संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी तिरंगा स्वीकारला. पुढे अनेक वर्षे त्याला हातानं कातलेली, हातानं विणलेली खादीच लागायची. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टरही चालतं. पण आपल्या मराठवाड्यात नांदेडला खादीचे झेंडे आजही बनतात. हे कळलं की मुलं शेतातल्या कापसाकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

कलेचंही तसंच. पैठणच्या एकनाथ महाराजांचं भारूड घ्या. सोंग घेणारा घरचंच लुगडं नेसतो, तरी ऐकणारे जागचे हलत नाहीत.

तेव्हा यंदा आजोबांचं धोतर, आजीचं लुगडं, तांड्यावरच्या आजीची आरशांची ओढणी असं घरातलंच काही आणू द्या. ते कुणी विणलं, कुणी शिवलं, हे मुलांनी दोन वाक्यांत सांगावं. एवढ्या वेगवेगळ्या कपड्यांतली मुलं एका झेंड्याखाली उभी राहिली, की देश म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.